गेममधला रँक आणि खिशातला पैसा: तुमच्या गावात काय चाललंय ते लिहा

गेममध्ये पैसे टाकणाऱ्या पोरांचा विषय निघाला की आपल्याकडे 'पोट्टे बिघडले' म्हणून तो तिथंच संपतो. या धाग्यात त्याच्या पुढचं लिहा. डायमंड आणि युसी (गेममधली विकतची नाणी), पास (पैसे भरून सीझनभर गेममधली बक्षिसं उघडायचं तिकीट), स्किन (खेळाडूचं किंवा बंदुकीचं सजवलेलं रूप), दुसऱ्याचा आयडी म्हणजे गेममधलं खातं चढवून देणं, या सगळ्यात पैसा नेमका कशाला जातो, कोणाच्या खिशातून जातो आणि त्या बदल्यात पोराला काय मिळतं, हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांनी सांगावं. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमबद्दल इथं नको. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी घातली, तो विषय निराळा. इथं परत काही मिळण्याची आशाच नसते. चारचौघांत नाव दिसावं, एवढ्यासाठी हा पैसा जातो.

मी दर्यापूर तालुक्यातला. शेती करतो आणि गावात अभ्यासिका चालवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. पोरांना मान पाहिजे असतो, गावात तो सहजी मिळत नाही, म्हणून स्क्रीनवर विकत घेतात. त्यांचं हे मागणं मला खोटं वाटत नाही. पण तो मान आईच्या मजुरीतून घेतला जातो तेव्हा मला फार वाईट वाटतं. नाव-गाव देऊ नका, तालुका पुरे.

मोबाईल दुकानदार, आर्णी तालुका

रिचार्ज, झेरॉक्स, ग्लास बदलणं, हा माझा धंदा. पोरांकडे बँकेचं खातं नसतं, म्हणून ते नगदी घेऊन येतात आणि म्हणतात, 'काका, कोड काढून द्या.' मी माझ्या खात्यातून प्ले स्टोअरचा रिडीम कोड घेतो आणि कागदावर लिहून देतो. काही जण गेममधला आयडी नंबर सांगतात, त्यावर थेट टॉप-अप होतो.

हा धंदा पिकासोबत चालतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. निंदण-डवरणीच्या दिवसांत कोणी कोड मागत नाही. सगळा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी झाली, की दिवाळीपासून रांग लागते. वेचाईची मजुरी किलोवर मिळते आणि सुट्टीत पोरंही जातात. मागच्या हंगामात नववीतला एक जण आला. बोंडाच्या वाळक्या टोकांनी त्याच्या नखांच्या कडा फाटल्या होत्या. दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा त्यानं काउंटरवर एकेक सरळ करून ठेवल्या. मी विचारलं, 'कायले पाहिजे रे तुले पास?' तो म्हणाला, 'पास नसला त लॉबीत समजते ना काका. मंग कोनी स्क्वॉडमधी घेत नाही.' लॉबी म्हणजे मॅचच्या आधी सगळे एकमेकांना दिसतात ती जागा, आणि स्क्वॉड म्हणजे चौघांचा संघ.

तो उनाड नव्हता. पैसा त्याच्या स्वतःच्या कष्टाचा होता. मी कोड दिला. पण तेव्हापासून एक नियम केला आहे. रक्कम मोठी असली की घरी फोन लावल्याशिवाय कोड देत नाही. त्यामुळे काही पोरं दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ द्या. गावातला बाप उद्या माझ्याच दारात येऊन विचारणार आहे.

बारावी, सावनेर तालुका

मोठ्या माणसांनी आधी एक समजून घ्या. पास घेतला म्हणून रँक वाढत नाही. बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीच्या भारतातल्या अवतारात, ब्राँझपासून पायरी-पायरीनं वर चढत क्राऊन, मग एस आणि शेवटी कॉन्कररला जावं लागतं. कॉन्करर म्हणजे आपापल्या यादीतले पहिले ५०० खेळाडू. ते खेळूनच होतं. पैशानं मिळतात ते कपडे, बंदुकीचा रंग, नावाभोवतीची चौकट, नाचायची स्टाईल. आणि सीझन बदलला की चढवलेला रँकसुद्धा खाली येतो, परत चढा. गाव-किल्ले बांधायच्या गेमचं वेगळं आहे. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये जेम टाकले की ज्या बांधकामाला दिवस लागतात ते लगेच उभं राहतं, म्हणजे तिथं पैशानं ताकदच लवकर मिळते. आपले बाबूजी सगळ्याला सरसकट 'पबजी' म्हणतात.

आयटीआय झालेला, हिंगणघाट तालुका

वरच्या भावानं बरोबर सांगितलं, पण अर्धंच. रँकही विकत मिळतो. माझ्यासारख्याकडून.

लोक मला त्यांचा आयडी आणि पासवर्ड देतात, मी खेळून तो वर चढवून देतो. याला रँक पुश म्हणतात. माझे ग्राहक शाळकरी पोरं असतील असं तुम्हाला वाटेल, पण बहुतेक कमावते आहेत. एकाचा जेसीबी आहे, एक कृषी केंद्रात बसतो, एक कंपनीत सुपरवायझर. त्यांना खेळायला वेळ नाही, हात बसलेला नाही, पण व्हॉट्सअॅप स्टेटसला 'एस' लिहिलेला स्क्रीनशॉट पाहिजे. मी रात्री जेवणं झाल्यावर बसतो, तेव्हा नेट बरं चालतं. अंगठ्यांना कापडी स्लीव्ह लावायच्या, फोन तापला की कुलरसमोर धरायचा, तेवढ्यात लाईन गेली तर मॅच गेली. एका मॅचमध्ये लवकर मेलं की मिळवलेले पॉइंट उतरतात, म्हणून शेवटपर्यंत जीव मुठीत धरून लपत-छपत खेळावं लागतं. ही मजुरीच आहे, आणि फुकट कोणी देत नाही.

पुढं काय होतं ते सांगतो. आयडी चढला की गेम त्याला त्याच ताकदीच्या लोकांसमोर टाकतो. मालक स्वतः खेळायला बसतो आणि उतरताच मरतो. मग पॉइंट उतरतात आणि परत मला फोन येतो. एकदा विकत घेतलेला रँक टिकवायलाही पैसे लागतात, हे आधी कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्यानं आयडी चालवणं गेमच्या नियमात बसत नाही, सापडलं तर आयडी बॅन होतो. हे मी प्रत्येकाला आधी सांगतो. तयार चढवलेला आयडी विकत घेणाऱ्यांचं तर जास्तच नुकसान होतं. विकणारा पैसे घेतो, पासवर्ड देतो, आणि थोड्या दिवसांनी आपल्या जुन्या ईमेलवरून आयडी परत ओढून घेतो. गेममधल्या वस्तू मुळात आपल्या मालकीच्याच नसतात. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली, ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले, आणि पुढच्या वर्षी बीजीएमआय येईपर्यंत हजारो रुपयांचे गेममधले कपडे कोणाला उघडूनही पाहता आले नाहीत.

एका ग्राहकाला मी एकदा विचारलं, 'भाऊ, कायले खर्च करता येवढा?' तो म्हणाला, 'गावात मले सारे बुढ्याचं पोट्टं म्हणूनच ओळखतात. इथं माह्या नावानं ओळखतात.' त्याचं वय पस्तिशीच्या पुढं आहे.

अंगणवाडी सेविका, सिंदेवाही तालुका

घरात एकच मोठा फोन. यूपीआय मुलानंच सुरू करून दिलं, पिनही त्यानंच टाकला, कारण आम्हा दोघांना ते जमत नव्हतं. किसान सन्मानचे २,००० जमा झाले की ते धान रोवणीच्या मजुरीला ठेवायचे, असं आमचं ठरलेलं असतं. या वेळी काढायला गेलो तर पुरते नव्हते. पासबुक छापून आणलं तर छोट्या-छोट्या रकमांची ओळच होती. एकही रक्कम डोळ्यांत भरेल अशी नव्हती. मेसेज सगळे इंग्रजीत, आणि ते तोच वाचून दाखवायचा.

यांनी हात उचलला होता. मी मध्ये पडले. रात्री त्याला म्हटलं, 'जे घेतलंस ते मला दाखव.' त्यानं फोन समोर धरला. निळ्या ज्वाळा निघणारा एक कोट होता. बोटानं तो गोल-गोल फिरवून त्यानं मला पाठीमागूनही दाखवला. म्हणाला, 'आई, हा घातला का लोक थांबून पाहतात.' शाळेत तो मागच्या बाकावर बसतो, बोलताना अडखळतो. त्याच्याकडे कोणी थांबून पाहतं हे त्याला किती मोठं वाटत असेल, ते मला त्या क्षणी कळलं. रागही तितकाच आला, कारण रोवणीच्या बाया दुसऱ्या दिवशी दारात येणार होत्या.

आता पिन मी बदलला आहे, स्वतः शिकून. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, तीही सुरू केली. बायांनो, हे शिकायला अर्धा तास पुरतो. मुलांवर सोडू नका.

वकील, मोर्शी

सेविका ताईंसारखी प्रकरणं आमच्याकडे सल्ल्याला येतात. कायदा स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, व्यक्ती करार करू शकत नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या कोर्टानं, १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं. पण व्यवहार बापाच्या खात्यातून, बापाच्या पिननं आणि बापाचं वय टाकून उघडलेल्या आयडीवर झालेला असतो. मग तो मुलानं केला हे सिद्ध करत बसावं लागतं.

म्हणून कोर्टाच्या आधी घाई करा. गुगल प्लेवरची खरेदी असेल तर ४८ तासांच्या आत रिफंडची विनंती तिथंच करता येते. आयडीच्या खरेदी-विक्रीत कोणी फसवलं असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० ला लगेच कळवा. बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास खेळ आणि ७,००० रुपये खर्च अशी मर्यादा जाहीर झाली होती. मजुराच्या घरात दिवसाला ७,००० ही मर्यादा नसल्यासारखीच आहे. पालकांनी तिच्यावर विसंबू नये.

लाईनमन (कंत्राटी), काटोल तालुका

मी खर्च करतो आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. पगारातून महिन्याची ठरावीक रक्कम, त्यापुढं एक रुपया नाही. माझ्या दहावीच्या वर्गातले कोणी पुण्याला, कोणी सुरतला, कोणी बुटीबोरीच्या कंपनीत आहेत. रात्री आमचा स्क्वॉड जमतो, चौघांचे जॅकेट सारखे, मी घेऊन दिलेले. दिवसभर खांबावर असतो, ते दोन तास माझे आहेत. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर रोज पैसे घालणाऱ्याला आपल्या गावात कोणी हिशेब विचारत नाही, मग मलाच का?

गणित शिक्षक, दिग्रस तालुका

आमच्या वर्गात ज्याच्याकडे स्किन नाही त्याला 'बॉट' म्हणतात, म्हणजे यंत्रानं चालणारा खोटा खेळाडू. जेवणाच्या सुट्टीत एकाला असं चिडवताना ऐकलं आणि मला गप्प बसवेना. तान्ह्या पोळ्याला मोठा लाकडी बैल घेऊन मिरवणाऱ्या पोराचा तोरा आपण कौतुकानं पाहतोच, त्यामुळे मिरवण्याची हौस आपल्याला नवी नाही. पण तो बैल पुढच्या वर्षी धाकट्या भावाला मिळतो, आणि त्याला किती लागले हे साऱ्या गावाला माहीत असतं. यंदा वर्गातल्या बऱ्याच पोरांचा बोजारा, म्हणजे सणाला मिळालेले पैसे, तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी लकी स्पिनमध्ये, म्हणजे पैसे देऊन गेममधलं नशिबाचं चक्र फिरवण्यात गेला, आणि घरी कोणाला पत्ताही नव्हता.

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे. मी तिथं फासे आणि पत्ते बाजूला ठेवले आणि स्पिनच घेतलं. समजा बंदूक लागण्याची शक्यता १०० त १ आणि एका फेरीला २० रुपये. १०० फेऱ्या म्हणजे २,००० रुपये. पोरं एका सुरात म्हणाली, 'मग लागणारच ना सर!' फळ्यावर ०.९९ चा शंभरावा घात काढला. उत्तर येतं ०.३६६. म्हणजे १०० पोरांनी प्रत्येकी २,००० घालवले तर त्यांतल्या साधारण ३७ जणांच्या हाती काहीच येणार नाही. अमुक फेऱ्यांनंतर हमखास वस्तू मिळण्याची सोय काही गेममध्ये असते. तिथं ती वस्तू केवढ्याला पडते, ते पोरांनी स्वतःच मांडून पाहिलं. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशाच नशिबाच्या पेट्यांना (लूट बॉक्स) जुगारात धरलं, हेही सांगितलं. वर्ग इतका वेळ शांत मी क्वचित पाहिला आहे. कबड्डीचा संघही परत उभा करतो आहे, जर्सीवर प्रत्येकाचं नाव छापून. त्यासाठी गावातून वर्गणी मिळाली.

बी.ए. दुसरं वर्ष, देवरी तालुका

इथं सगळं पोरांबद्दल चाललं आहे. आम्ही मुलीही खेळतो. माझा आयडी पोराच्या नावानं आहे आणि माइक बंद असतो, कारण आवाज ऐकला की खेळ राहतो बाजूला.

मुलींच्या बाबतीत पैसा उलट्या वाटेनं येतो. अनोळखी माणूस गेममधूनच स्किन गिफ्ट पाठवतो. आधी एक, मग त्याहून महागाची. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीला असं एक बंडल, म्हणजे स्किनचा संच, आलं. आठवडाभरानं त्यानं तिचा नंबर मागितला, मग फोटो मागितला. तिनं नाही म्हटल्यावर म्हणाला, 'मग माझे पैसे परत कर.' दिलेली स्किन परत करता येत नाही. ती इतकी घाबरली की घरून खर्चाला आलेले पैसे त्याला पाठवायला निघाली होती. आम्ही खोलीतल्या सगळ्या जणी तिच्याजवळ बसलो, त्याचे सगळे मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवले, आणि त्याला एकच ओळ लिहून पाठवली की हे सायबर पोलिसांकडे देत आहोत. त्यानं पुन्हा मेसेज केला नाही.

तेव्हापासून नवीन आलेल्या मुलींना आम्ही पहिल्या आठवड्यातच सांगतो की गिफ्ट आलं म्हणून तुम्ही कोणाचं देणं लागत नाही, आणि धमकी आली तर मेसेज पुसू नका, आम्हाला येऊन सांगा. आता आम्हा मुलींचाच एक स्क्वॉड आहे. तिथं आम्ही माइक सुरू ठेवतो. चौघींपैकी एकीनंही आजवर काही विकत घेतलेलं नाही, आणि मागच्या सीझनला दोघी क्राऊनला गेल्या.