नागपूरच्या उन्हात १६४१ सीसी नको, १७७६ करा

फोक्सवॅगन कॅम्परच्या १६०० सीसी इंजिनाला ८७ मिमी व्यासाचे सिलिंडर लावून १६४१ करा, मशीनिंग वाचतं, असा सल्ला दिला जातो; तो नागपूरसाठी पटत नाही. ते सिलिंडर मूळ ८५.५ मिमीवाल्यांसाठी केसमध्ये (इंजिनाच्या सांगाड्यात) असलेल्याच भोकात बसतात, म्हणजे भिंत पातळ. मे महिन्यात ४५ अंशांत, भरल्या गाडीनं चढ घेताना सिलिंडर गोलाई सोडतो. मग पिस्टनच्या रिंगमधून गॅस निसटतो, तेल जळतं. त्यापेक्षा ९०.५ मिमीचे घ्या, म्हणजे १७७६ होतं. क्रँक तोच, ६९ मिमी स्ट्रोकचा (पिस्टनची धाव). केस आणि हेडमधली भोकं मशीनवर मोठी (बोअर) करावी लागतात, पण पैसा तिथेच घाला. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं) ७.५ च्या आसपास ठेवा. आणि त्याआधी इंजिनभोवतीचं रबर सील बोटानं चाचपून बघा: फाटलेलं असेल तर खालची तापलेली हवा पंखा पुन्हा ओढतो, मग कुठलंच इंजिन टिकत नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.१५ मिमी ठेवा, इंजिन थंड असतानाच.