आधी पुस्तक, मग मालिका
कादंबरी आधी वाचावी की तिच्यावरची मालिका आधी पाहावी, या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर असे की रहस्यकथेच्या बाबतीत तरी पुस्तकच आधी हाती घ्यावे. सध्या मी अगाथा ख्रिस्तींची ‘अँड देन देअर वेअर नन’ ही १९३९ सालची कादंबरी दुसऱ्यांदा वाचत आहे आणि बीबीसीने २०१५ मध्ये केलेली तिची तीन भागांची मालिका नुकतीच पाहून संपवली. ख्रिस्तींनी स्वतः १९४३ च्या नाट्यरूपांतरात शेवट सौम्य केला होता. मालिकेने मात्र कादंबरीतला निर्दय शेवटच राखला, हे मला (दोन रात्री जागरण होऊनही) फार आवडले. पात्रांच्या मनातला अपराधभाव पुस्तकात एखाद्या ओझरत्या वाक्यातून डोकावतो, पडद्यावर त्यासाठी भूतकाळातील दृश्ये उभी करावी लागतात.