मसाज करताना तळव्यावर डाग दिसला, काकूंना सांगू का?

तेलवाली_गिरगाव:
मी घरोघरी जाऊन मसाज देते, गिरगाव ते दादर. एक काकू आहेत, सत्तरीच्या, दर गुरुवारच्या. काल तळव्याला तेल लावताना टाचेजवळ काळा डाग दिसला. गणपतीच्या आधी तिळाएवढा होता हे मला पक्कं आठवतंय, आता पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा झालाय, एका बाजूला शाई फुटल्यासारखी कड आणि मधेच तपकिरी. त्या म्हणतात अगं कुरूप आहे, कॉर्न कॅप लावतेय. मी काही डॉक्टर नाही, भलतंसलतं बोलले आणि निघालं काहीच नाही तर काम जाईल ते जाईल पण म्हातारीला उगाच घोर. सांगू की गप्प बसू?

स्किन_ओपीडीतली_सिस्टर:
सांग, पण आजाराचं नाव घेऊ नकोस, तो तुझा प्रांत नाही. "काकू, हा डाग दोन-तीन महिन्यांत वाढलाय, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा", बस. त्यांच्याच फोनवर फोटो काढ, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, आपल्याकडे तसा कमी, पण सावळ्या माणसांना होतो तेव्हा बऱ्याचदा तळवे, तळहात नाहीतर नखाखाली, ऊन लागतं तिथे नाहीच. ६ मिमीपेक्षा मोठा, वेडावाकडा, दोन-तीन रंगांचा आणि वाढणारा डाग दाखवायचाच. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या नखाखालीच होता, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला. आणि कॉर्न कॅप आधी बंद कर म्हणावं, त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, कातडी सोलली की डॉक्टरांना मूळ डाग नीट दिसत नाही. तिथे रगडूही नकोस.

अंधेरीची_थेरपिस्ट:
आमच्या स्पात मॅनेजरने सांगून ठेवलंय क्लायंटच्या अंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही 🙄 अरे पण पाठ, मानेमागे, कानामागे, टाळू, हे त्या माणसाला स्वतःला दिसतं कुठे? आम्हालाच दिसतं ना.

बावीस_वर्षं_मालिश:
ताई, कमरेवर परकराच्या नाडीची जागा पण बघत जा. काळा पट्टा साडी नेसणाऱ्या कितीतरी बायकांना असतो, त्याला काही घाबरायचं नाही, पण तिथे महिनोन्महिने न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर पाठव डॉक्टरांकडे.

परळकर:
@बावीस_वर्षं_मालिश बरोबर. धोतराच्या गाठीमुळे कमरेला होणाऱ्या कॅन्सरबद्दल टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलंय. इथलंच, परळचं संशोधन.

तेलवाली_गिरगाव:
सांगितलं आज फोन करून. आधी म्हणाल्या तू काय आता डॉक्टर झालीस काय गं, मग पाचच मिनिटांनी सुनेचा फोन, म्हणे फोटो कसा काढायचा, नाणं कुठल्या बाजूला ठेवायचं. सोमवारी केईएमला केस पेपर काढतायत. मी पण जाणार सोबत, गुरुवारी कसा होता ते डॉक्टरांना सांगायला.