मे महिन्यातील मुलांचे समुद्रशिबिर : काय दाखवावे?

प्रश्न : सुट्टीत रत्नागिरीला आजोळी येणाऱ्या आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तीन दिवसांचे शिबिर घ्यावयाचे आहे. त्यांना वेळासला कासवांची पिल्ले दाखवता येतील का?

उत्तर १ : ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांतून साधारण दीड ते दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात आणि वेळासचा हंगाम बहुधा एप्रिलपर्यंत आटोपतो, त्यामुळे मे महिन्यात मुलांचा हिरमोड होण्याचाच संभव अधिक. त्याऐवजी अमावास्या वा पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडावेत, कारण उधाणाच्या ओहोटीत पाणी बरेच मागे हटते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. तेथील डबक्यांत समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा एक समुद्रप्राणी) जरासा स्पर्श होताच शुंडके आत ओढून मांसल गोळा बनते, ते मुले तासभर पाहत बसतात.

उत्तर २ : पायांत बूट हवेतच, कालवांच्या कडा सुरीसारख्या लागतात. शंकूच्या आकाराच्या शंखांना हात लावू देऊ नये, कारण त्यांतील जिवंत गोगलगाय विषारी दंश करते. शंख गोळा करण्याची स्पर्धाही (शिबिरांचा हा जुनाच खेळ!) टाळावी, कारण रिकामा शंख हेच एखाद्या खेकड्याचे घर असते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पंचांग पाहून तारखा बदलतो.