कवळीवरच्या बुरशीला लवंगतेल: याला औषध म्हणायचं का?

रंकाळाकर: कवळीखाली टाळू लाल होते, त्यामागे बहुतेकदा कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी असते. कवळीच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकवर ती चिकट थर धरते, तोच बायोफिल्म. थरातलं बीटा-ग्लुकन, म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला वाटेतच अडवून धरतं, म्हणून सुट्या पेशी मरतात त्या मात्रेत थराला काही होत नाही. लवंगेतलं युजेनॉल आणि ओव्यातलं थायमॉल तो थर मोडतात, हे प्रयोगशाळांत अनेकदा दिसलंय. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत मसाल्याच्या दुकानात मिळणाऱ्या या वस्तूंना आपण औषध म्हणून का बघत नाही?

ताटलीवाली: मी लॅबमध्येच असते, म्हणून सांगते. प्लॅस्टिकच्या ताटलीत बुरशी मारायला साबणही पुरतो. तोंडात लाळ सतत वाहते, तिथं युजेनॉल टिकणार किती वेळ? मात्रा वाढवली तर हिरडी भाजते. हळदीतलं कर्क्युमिन तर ताटलीत वाघ, पण गिळलं की रक्तात पोचतं नावापुरतं.

रंकाळाकर: मग मलेरियावरचं आर्टेमिसिनिन कुठून आलं? वनस्पतीतूनच की! चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. आणि दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइड-युजेनॉल वापरतातच.

ताटलीवाली: ते दाताच्या पोकळीत भरायचं सिमेंट आहे हो, बुरशीवरचा इलाज नव्हे. आणि आर्टेमिसिनिनचा शुद्ध रेणू वेगळा काढला, मात्रा ठरवली, माणसांवर चाचण्या केल्या. तुम्ही तेलाच्या बाटलीवर थांबलाय.

बावडेकर: भावा, तुमचं नोबेल र्‍हाऊ दे. आमचं म्हातारं रात्री कवळी काढतच न्हाई, तशीच घालून झोपतंय. ब्रश दावला की चिडतंय. तिथं लवंग काय करणार आन् गोळी तरी काय करणार?

शिवाजी पेठ: बावडेकरांशी शंभर टक्के सहमत. पण रंकाळाकरांचं म्हणणंही उडवून लावू नका. बुरशीवरच्या औषधांचे प्रकार मोजकेच आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या यादीत ही बुरशी सर्वांत गंभीर गटात आहे. दारुहळदीतलं बर्बेरिन फ्लुकोनॅझोलच्या जोडीनं दिलं तर प्रयोगशाळेत दोन्ही कमी मात्रेत चालतात. शोध घ्यायचा तो या जोडीचा.

ताटलीवाली: जोडीचा मुद्दा मान्य. फक्त फ्लुकोनॅझोल आणि बर्बेरिन, दोन्ही यकृतात औषधं मोडणारी एन्झाइमं अडवतात. कवळीवाल्या माणसाच्या डब्यात आधीच रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या असतात. त्या अंगात साठल्या तर?

रंकाळाकर: म्हणून तर पोटातून नको, कवळी रात्री ज्या पाण्यात ठेवतात त्यात घालू म्हणतोय.

बावडेकर: आधी ती काढाय तर लावा!