जीटीके ३ वरून ४ वर जाताना सुरुवात कुठून?

ओसरी_कोड:
पायथनमधलं हिशेबाचं ॲप आहे, जीटीके ३ या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर. ग्लेडमध्ये (खिडक्या आखायचं साधन) बनवलेल्या दोन फायली, एक मोठा ट्रीव्ह्यू (ओळी-रकान्यांची यादी), आणि जागोजागी डायलॉगचं ‘रन’ (उत्तर मिळेपर्यंत थांबणारं). गनोमची नवी मार्गदर्शिका वाचली. आवृत्ती ३.० ची ४.० केली की ॲप उघडतच नाही. सगळं नव्यानं लिहायचं का? उबुंटू २२.०४ वरही चाललं पाहिजे.

प्रॉम्प्टकर:
नव्यानं लिहू नका. आकडा परत ३.० करा. निम्मं काम ३.२४ वरच (३ ची शेवटची आवृत्ती) उरकतं, आणि तेही ॲप चालू ठेवून. ‘जीटीके.मेन’ जाऊन ‘जीटीके.ॲप्लिकेशन’ येऊ द्या.

मग ‘रन’ काढा, खरा त्रास तिथेच आहे. ते आतल्या आत दुसरा मेन लूप (क्लिक वगैरेंची वाट पाहणारं चक्र) फिरवत थांबायचं. ४ मध्ये ते उरलेलंच नाही. ‘रिस्पॉन्स’ सिग्नल (उत्तर आल्याची सूचना) जोडून डायलॉग नुसता दाखवा. ‘रन’च्या खालचा सगळा कोड मात्र कॉलबॅकमध्ये (त्या सिग्नलवर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हलवा. तो जागेवरच राहिला तर वापरणाऱ्यानं ‘होय’ म्हणायच्या आधीच नोंद पुसली जाईल, आणि एररही दिसणार नाही.

एवढं झालं की ४.० करा. ‘शो_ऑल’ पुसून टाका: विजेट (बटणं, याद्या वगैरे) आता मुळातच दिसतात, फक्त विंडोला ‘प्रेझेंट’ लागतं. बॉक्सवरच्या ‘पॅक_स्टार्ट’च्या जागी ‘अपेंड’.

खिडकी_क्र_४:
ग्लेड जीटीके ४ च्या फायली बनवत नाही. जुन्या फायलींवर ‘जीटीके४-बिल्डर-टूल सिम्प्लिफाय --३टू४’ चालवा. ते रूपांतर पडद्यावर छापतं, मूळ फाईल बदलत नाही. नव्या फाईलमध्ये वळवून घ्या आणि डिफ (दोन्हींतला फरक) पाहा. थोडी हाताची दुरुस्ती राहतेच. ‘कनेक्ट_सिग्नल्स’ही गेलं, हँडलर (सिग्नलवर चालणारी फंक्शन्स) ज्या ऑब्जेक्टमध्ये आहेत तो बिल्डर (या फायली वाचून विजेट उभी करणारा) बनवतानाच द्या.

फाईल निवडायला मार्गदर्शिकेत ‘फाईलडायलॉग’ असेल, पण तो ४.१० पासूनचा. २२.०४ वर ४.६ आहे, म्हणून ‘फाईलचूजरनेटिव्ह’ वापरा. तो ‘सेल्फ’वर धरून ठेवा. फंक्शनपुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर फंक्शन संपताच पायथन तो गोळा करतो आणि खिडकी उघडतच नाही.

ओसरी_कोड:
आणि ट्रीव्ह्यू? तो कालबाह्य झालाय ना?

प्रॉम्प्टकर:
४.१० मध्ये तसं जाहीर झालं, पण ४ च्या अख्ख्या मालिकेत तो चालणार. आधी ॲप उभं करा, ट्रीव्ह्यू शेवटी.

खिडकी_क्र_४:
ट्रीव्ह्यूच्या जागी नव्या कॉलमव्ह्यूवर जाल तेव्हा एक सांभाळा. त्याच्या ओळींची विजेट पुन्हा पुन्हा वापरली जातात. ‘बाइंड’मध्ये (ओळीला नोंद जोडताना) सिग्नल जोडलात तर ‘अनबाइंड’मध्ये (नोंद सोडताना) तोडा. नाहीतर थोडं स्क्रोल केल्यावर एका क्लिकला तीन-तीन नोंदी बदलतात, आणि दोष डेटाबेसचा वाटतो.