‘आतून’ म्हणजे नक्की कुठून?

भाषांतर-हमाल: मंडळी, अडलोय. पेशंटसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय, गुडघ्याच्या मागच्या धमनीत ॲन्युरिझम झाला, म्हणजे ती एका जागी फुगली, तर ऑपरेशन कुठल्या कुठल्या पद्धतीने करतात त्याबद्दल. विश्वकोशातले रोहिणी (म्हणजे धमनी) आणि नीला (रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर) वापरले तर बाबा म्हणाले रोहिणी नक्षत्र ना रे, ती पायात कुठून आली. मग सगळीकडे ‘शीर’ केलं तर वाक्य झालं, "खराब शीर बांधतात आणि पायातलीच चांगली शीर काढून जोडतात". पहिली शीर धमनी, दुसरी नीला, वाचणाऱ्याला काय कळणार, आपण तर पायात गोळा आला तरी शिरेवर शीर चढली म्हणतो!
दुसरा घोळ ‘आतून’चा. एका पद्धतीत पायाच्या आतल्या बाजूला चीर देतात, दुसरीत जांघेतून वायर घालून शिरेच्या आतून कापडी अस्तराचा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवतात. दोन्ही ‘आतून’च की.

शब्दखोदू: आधी ॲन्युरिझम घ्या. त्याचा न्यूरोशी काही संबंध नाही, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रुंद होणं. विस्फार बरोबर आहे पण कानाला विस्फोट वाटतो, आणि गुडघ्यामागचा हा प्रकार फुटतो क्वचितच, खरी भीती आत रक्ताची गुठळी होऊन पाऊल काळंनिळं पडायची. ‘फुगा’ तर नकोच, अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद करायचा ॲन्जिओप्लास्टीचा फुगा वेगळा. फुगवटा लिहा.

ओटीवाला: आमच्याकडे ऑपरेशन थिएटरमध्ये सरळ "मागून की मेडियल" (म्हणजे पायाच्या आतल्या बाजूने) असं विचारतात. मागून म्हणजे पेशंटला पालथं झोपवून गुडघ्याच्या लवणीत, म्हणजे मागच्या खोलगट भागात, एस आकाराची चीर, फुगवटा उघडायचा, त्यात उघडणाऱ्या बारीक फांद्या टाके घालून बंद करायच्या आणि मध्ये नीलेचा तुकडा जोडायचा. मेडियलमध्ये पेशंट उताणा, फुगवट्याची दोन्ही टोकं बांधून बाजूने नीला जोडतात, तीही बहुतेकदा उलटी करून कारण नीलेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात. फुगवटा जागीच राहतो बरं का, फांद्यांतून रक्त येत राहिलं तर पुढे वाढूही शकतो. म्हणून याला ‘दुरुस्ती’ म्हणू नका, बायपासच म्हणा, गावाबाहेरून रस्ता काढला तरी गाव तिथेच असतं.
स्टेंटला चीर छोटी, घरी लवकर जाता येतं, पण गुडघा दिवसातून शंभरदा वाकणार, त्यात उकिडवं बसायची सवय असेल तर स्टेंट मुरडायची किंवा बंद पडायची भीती. पेशंट धडधाकट आणि नीला चांगली असेल तर माझं मत अजून नीलेलाच.
(‘बांधणं’ जुनंच, जॉन हंटरने 1785 मध्ये लंडनला एका घोडागाडीवाल्याच्या अशाच फुगवट्यासाठी मांडीतली धमनी बांधली होती. बायपास वगैरे काही नाही, नुसती बांधली, आणि पाय वाचला.)

शब्दखोदू: लवण! आजीनंतर आज ऐकला हा शब्द. आणि मेडियलचं ‘मध्यवर्ती’ करू नका हं, मी छापलेलं पाहिलंय.

भाषांतर-हमाल: ठरलं मग. धमनीला रक्तवाहिनी, ‘शीर’ फक्त काढून जोडतात तिला. चीर ‘पायाच्या आतल्या अंगाने’, स्टेंट ‘रक्तवाहिनीच्या पोकळीतून’. बाबांना परत वाचायला दिलं, सगळं कळलं म्हणाले, फक्त जिथून शीर काढली तिथलं रक्त वर कसं जाणार? खोलवरच्या शिरा ते काम सांभाळतात, हे वाक्य राहिलंच होतं, टाकतो.